चौदाव्या पानाची तिसरी ओळ

टाइपरायटरवर उद्गारचिन्हाची कळच नसायची, हे आता कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आधी वरचा स्वल्पविराम मारायचा, मग बॅकस्पेस, मग त्याच्याच खाली टिंब. एका चिन्हाला तीन ठोके. अर्जात, दाखल्यात, कोर्टाच्या कागदात कोणाला उद्गार काढायचा नसतो, म्हणून ती कळ दिली नसावी. पवनीला माझी टायपिंग इन्स्टिट्यूट सुरू होऊन दोन वर्षं झाली होती आणि तोवर मी उद्गारचिन्ह चारदोनदा मारलं असेल. मग लांजेवार सर आले, आणि पहिल्याच कागदात अडतीस उद्गारचिन्हं घेऊन आले.

साल एकाहत्तर असावं. माझी इन्स्टिट्यूट म्हणजे बाजाराच्या रस्त्यावरची एक लांबट खोली, सहा मशिनी आणि मीच रंगवलेली पाटी. माझे वडील लाखांदूरकडे प्राथमिक शाळेत मास्तर होते. पोरगी शिकली, आता कोणाच्या हाताखाली राहू नको, असं म्हणून त्यांनी पहिली मशीन घेऊन दिली होती. लांजेवार सर गावातल्या हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांना ओळखत सगळे होते, बोलत मात्र कोणी नसे. भांडण नव्हतं काही. बोलायचं काय, हाच प्रश्न होता.

उंच, किडकिडीत माणूस. पांढरा शर्ट, आणि त्याच्या खिशाला दोन पेनं: एक निळ्या शाईचं शाळेसाठी, एक काळ्या शाईचं स्वतःसाठी. छत्री दाराबाहेर टेकवली, ती पडली, पुन्हा टेकवली, पुन्हा पडली, तेव्हा आडवीच ठेवून आत आले. म्हणाले, हे इंग्रजी आहे, तीन प्रती पाहिजेत, घाई नाही. त्या कागदाकडे पाहून मी कपाळाला हात लावला. निम्मी अक्षरं गणितातली, माझ्या मशिनीवर नव्हतीच. आणि जागोजाग ती उद्गारचिन्हं. या माणसाला इतक्या ठिकाणी कशाचं आश्चर्य वाटलं असेल कोण जाणे, असं मनात म्हणत मी कंटाळून त्यातली अर्धी गाळून टाकली. कोणाला कळणार आहे!

त्यांना कळलं. उभ्याउभ्याच सगळे कागद वाचले. रागावले असते तर बरं झालं असतं, मी पण दोन शब्द सुनावले असते. ते बाकावर बसले, एक कोरा कागद मागितला आणि मला समोर बसवून लिहून दाखवलं. पाचापुढे ते चिन्ह म्हणजे पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, एकशेवीस. दहापुढे तेच चिन्ह म्हणजे छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे.

“आता हे चिन्ह काढलं का दहा नुसते दहा राहते जी,” ते म्हणाले. “आता तुमीच सांगा.”

मी नवे कागद आणि कार्बन लावले. सगळे कागद पुन्हा मारले, एकही ठोका न गाळता. त्यानंतर आमची एक पद्धत बसली, ती शेवटपर्यंत टिकली. जे अक्षर मशिनीवर नाही त्याच्यासाठी मी बरोबर तेवढी जागा सोडायची. घाताचा आकडा वर चढवायचा तर रोलर अर्धा फिरवायचा, मारायचा, परत खाली आणायचा. आणि मग सर येऊन बाकावर बसत, काळ्या शाईचं पेन काढत आणि तिन्ही प्रतींत ती सोडलेली जागा एकेक करून भरत. एका पानात साठ-सत्तर जागा. फुंकर घालून वाळवायचे. कार्बनच्या प्रतीवरसुद्धा तितकंच सुबक अक्षर. ती तिसरी प्रत तर कोणी पाहणारही नसायचं, त्यांच्याच पेटीत जायची. मी एकदा म्हटलं, सर, तिसरीत जरा हात सैल सोडा. ते हसले आणि तसंच भरत राहिले.

दुपारी चारच्या बॅचला ते यायचे. सहाही मशिनी चालू असायच्या, दुसरा माणूस त्या खडखडाटात दोन मिनिटं टिकला नसता. सरांना तोच आवडायचा. म्हणायचे, माझ्या खोलीत फार शांत आहे. त्यांची बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बाळंतपणात गेली होती, लेकरूही राहिलं नाही. लाखांदूरच्या पुढे त्यांचं गाव, तिथे भावाचं कुटुंब, धानाची शेती. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत माझ्या पोरी शेतावर जायच्या आणि इन्स्टिट्यूट ओस पडायची. तेव्हा सर यायचे, बसायचे, आणि थोड्या वेळाने विचारायचे, बाई, काही मारायचं नाही काय आज? मग मी उगाच एखादं जुनं पत्र घेऊन खडखड करत बसायची.

गणितातलं मला काडीचंही कळत नव्हतं, पण रोज कानावर पडलं की दगडालाही पाझर फुटतो. एके दिवशी त्यांनी माझा पाण्याचा पेला घेतला. म्हणाले, यात आधी अर्धा पेला पाणी ओता. मग त्याच्या अर्धं. मग त्याच्या अर्धं. ओतणं कधी थांबवायचं नाही. किती पाणी होईल? मी म्हटलं, ओततच राहिलं तर वाहून जाईल की. ते म्हणाले, नाही, पेला काठोकाठ भरतो आणि थेंबही सांडत नाही.

“संपत नाही, पण पोहोचते,” ते म्हणाले.

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. अशा न संपणाऱ्या बेरजेला ते मालिका म्हणायचे. शाळेतली पोरं त्यावरून त्यांची नक्कल करायची. एस.टी. उशिरा आली की बसस्टँडवर एखादं टारगट पोरगं म्हणायचं, संपत नाही पण पोहोचते. सरांच्या कानावर गेलं असेलच. त्यांनी कोणाला कधी काही म्हटलं नाही.

त्यांचं खरं काम कशावर चाललं होतं, ते मला समजून घ्यायला दोन वर्षं लागली. मला समजलं तसं सांगते, चुकलं तर चूक माझी. काही संख्या अशा असतात की त्या एखाद्या समीकरणात सापडतात. साधे पूर्ण आकडे घेऊन समीकरण मांडलं की ती संख्या त्याचं उत्तर म्हणून हाताला लागते. आणि काही अशा, की कितीही समीकरणं मांडा, कितीही लांबलचक मांडा, एकाचंही उत्तर व्हायच्या नाहीत. त्यांना बीजातीत म्हणतात. शाळेत ज्याला बावीस सप्तमांश धरतात तो वर्तुळाचा पाय त्यातलाच. आता या बीजातीत संख्या समीकरणात सापडत तर नाहीत, पण कोणी समीकरणाच्या किती जवळ येऊन जातं, यात फरक असतो. त्यावरून परदेशातल्या एकाने त्यांचे तीन वर्ग पाडले होते. सर त्यांना टोल्या म्हणायचे, म्हणजे वाड्या-वस्त्या, आपल्या गावात असतात तशा.

“पहिल्या टोलीत सगळी गर्दी,” ते बोटांवर मोजत सांगायचे. “तिसरीत थोडी घरं, पण पत्ते माहीत आहेत. त्या उद्गारचिन्हवाल्या मालिका तिथल्याच. मधली टोली आहे ना, तिथं कोणी राहते का नाही, हेच कोणाले माहीत नाही.”

ते सरांना शोधायचं होतं. पवनीत बसून, एका खोलीत, काळ्या शाईच्या पेनाने.

सुट्टी मिळाली की ते नागपूरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जात आणि गणिताची परदेशी नियतकालिकं हाताने उतरवून आणत. ती तिथेही वर्ष-दोन वर्षं उशिरानेच यायची, काही यायचीच नाहीत. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीच्या सुट्टीत ते असे गेले आणि परत आल्यावर आठवडाभर माझ्याकडे फिरकले नाहीत. मला वाटलं आजारी पडले. आले तेव्हा बाकावर बसले. मग सांगितलं, मधल्या टोलीत वस्ती आहे, परदेशात एकाने सिद्ध करून टाकलं. आत्ता नाही, पाच-सहा वर्षांपूर्वीच.

म्हणजे ही पाच-सहा वर्षं हा माणूस, जे दार उघडलेलं होतं तेच ठोठावत बसला होता. मी म्हटलं, सर, तुम्हाला कोणी सांगितलं का नाही? ते म्हणाले, कोण सांगणार, माहीत असणारा माणूस इथून किती दूर आहे. आणि मग लगेच, बरं झालं बाई, वस्ती आहे हे तर कळलं. ते तोंडदेखलं नव्हतं. त्यांना खरंच बरं वाटलं होतं, आणि वाईटही. एकाच चेहऱ्यावर दोन्ही मी तेव्हा पाहिलं.

पण त्या परदेशी माणसाने ती संख्या पायरी पायरीने मुद्दाम रचून काढली होती. घर बांधून त्यात माणूस नेऊन ठेवावा तशी. सरांचं म्हणणं पडलं की साधी, सरळ, कोणालाही लिहिता येईल अशी एखादी अनंत मालिका घ्यावी आणि तिची बेरीज मधल्या टोलीत राहते हे दाखवावं. तसं कोणी दाखवलेलं नव्हतं. त्यांच्याकडे अशी एक मालिका होती. एका ओळीची. मी ती इतक्यांदा मारली आहे की अजूनही बोटांना येते.

मधे त्यांचं एक भाषण सांगायचं राहिलं. शाळेचे जुने हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा पटांगणात मंडप घालून निरोप-समारंभ झाला. मलाही बोलावणं होतं. सगळ्यांची भाषणं झाली, जेवणाची वेळ झाली, आणि कोणीतरी भलेपणाने म्हटलं, लांजेवार सर पण दोन शब्द बोलतील. सर उठले. हेडमास्तरांबद्दल एक वाक्य बोलले आणि म्हणाले, गुरुजींच्या सेवेला शेवट असला तरी काही गोष्टींना नसतो. आणि तिथून जे मालिकेवर घसरले, ते पाऊण तास! माणसं आधी चुळबुळली, मग एकेक करून जेवणाच्या पंगतीकडे सरकली. खुद्द हेडमास्तरही उठले. मी खुर्चीला चिकटून बसले होते, तर मलाही कोणीतरी वाढायला हात पाहिजे म्हणून ओढून नेलं. परत येऊन पाहते, तर सर माइक बंद झालेल्या मंडपात बोलताहेत आणि समोर एक माणूस उभा.

जेवताना मी त्यांना म्हटलं, सर, जरा आवरतं घ्यायचं होतं. ते म्हणाले, एक माणूस शेवटपर्यंत होता. मी म्हटलं, तो मंडपवाला होता, खुर्च्या उचलायला थांबला होता.

“मले माहीत आहे,” ते म्हणाले. “तरी ऐकून राहिला होता ना.”

मग वरण-भात कालवून जेवायला लागले. त्यांना पेढे नको होते, बढती नको होती, पेपरात नाव नको होतं. कोणीतरी एका माणसाने ते शेवटपर्यंत ऐकावं, समजून घ्यावं, एवढंच पाहिजे होतं. आणि नेमकं तेच अख्ख्या भंडारा जिल्ह्यात मिळण्यासारखं नव्हतं. मी ऐकायची, पण माझं ऐकणं त्या मंडपवाल्यापेक्षा काय निराळं होतं?

त्यांचा तो शोधनिबंध एकतीस पानांचा झाला. पाच वेळा मी तो पहिल्यापासून मारला. प्रत्येक खेपेला सर हस्तलिखित आणायचे ते खोडून, चिकटवून, बाणाने इकडून तिकडे नेऊन असं काही भरलेलं, की एका पानाला मला अर्धा दिवस लागायचा. फक्त चौदावं पान स्वच्छ असायचं. पाचही खेपांना एकही खोड नाही, एकही बाण नाही. ते पान आलं की मला बरं वाटायचं. म्हणायची, चला, सुटले, आता थोडा चहा घेऊ.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पाचवी प्रत पुरी झाली. दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरातल्या संस्थेत या विषयाचे एक जाणते प्राध्यापक होते, त्यांना ती पाठवायचं ठरलं. सोबतचं पत्र मीच मारलं. सरांनी त्यात लिहिलं होतं की छापायची विनंती नाही, आपण एकदा वाचावं एवढीच इच्छा आहे. रजिस्टर पोस्टाने पाकीट गेलं. पत्त्यात शाळेचं नाव दिलं, कारण सरांच्या खोलीला कुलूप असायचं. पाऊस लागला, रोवणं झालं, धान निसवलं, कापणी झाली. सरांनी एकदाही विषय काढला नाही. फक्त पोस्टमन रस्त्याने जाताना दिसला की त्यांचं पेन थांबायचं.

जानेवारीत उत्तर आलं. शाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून ते नव्या हेडमास्तरांच्या टेबलावर गेलं आणि त्यांनी ते फोडलं. माणूस वाईट नव्हता, उत्साही होता. पत्राच्या माथ्यावर संस्थेचं छापील नाव, खाली हाताने लिहिलेलं इंग्रजी, आणि पहिलंच वाक्य असं की आपला निबंध मी मोठ्या आस्थेने वाचला. हेडमास्तर तिथेच थांबले. पुढचं वाचायची त्यांना गरजच वाटली नाही. आपल्या शाळेच्या मास्तराचा शोध मान्य झाला! सर तेव्हा वर्गावर होते. तास संपायच्या आत शिपाई बाजारात जाऊन शाल, नारळ आणि हार घेऊन आला, घंटा झाली, सगळी शाळा पटांगणात जमली. मलाही निरोप आला, तुमच्या मशिनीवरचा निबंध आहे, तुम्ही पाहिजेच. मीही मूर्खासारखी चांगलं लुगडं नेसून गेले.

सरांना खुर्चीत बसवलं. आपल्याकडची रीतच आहे, आधी सत्कार, मग चौकशी. शाल घातली, नारळ हातात दिला, गळ्यात झेंडूचा हार. दोन-तीन जण बोलले. मग हेडमास्तरांनी ते पत्र मानपत्र दिल्यासारखं दोन्ही हातांनी सरांना दिलं, आणि सरांनी ते तिथेच, हार घातलेल्या अवस्थेत, वाचायला घेतलं. मी समोरच होते. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. पोरं टाळ्या वाजवत होती. हेडमास्तर म्हणाले, दोन शब्द बोला. सर उठले आणि म्हणाले, आभारी आहे. आणि बसले. सगळ्यांना वाटलं, माणूस भारावून गेला.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले, तो हार पिशवीत घालून. पत्र माझ्यापुढे ठेवलं. सहा-सात ओळींचं होतं. मांडणी नवी आहे, मालिका सुंदर आहे, असं लिहिलं होतं. आणि मग, चौदाव्या पानावरची तिसरी ओळ दुसऱ्या ओळीवरून कशी येते, हे मला उलगडलं नाही. मधली एखादी ओळ सुटली आहे का? कृपया कळवावं, म्हणजे पुढचं वाचीन.

मी इतकी वर्षं टायपिंग शिकवलं. ओळ सुटणं म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप. पोरींना मी त्यावरून रडवलं आहे. पण त्या संध्याकाळी मी देवाला हात जोडले की बाबा रे, ओळ माझ्याच हातून सुटलेली असू दे. सर गेल्यावर मी पाचही हस्तलिखितं काढली, मी ती सांभाळून ठेवली होती, आणि चौदावं पान लावून पाहिलं. दुसरी ओळ, तिसरी ओळ. दुसरी ओळ, तिसरी ओळ. पाचही ठिकाणी तेच. मधे काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा मी आधीच ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, सर, तुम्ही ती मधली ओळ आता लिहून काढा, आणि मी पत्रात लिहून देते की टायपिस्टच्या चुकीने ती राहिली. माझं नाव घाला, सही करते. माझं काय जातं?

ते बाकावर बसले. मग म्हणाले, “ओळ सुटली नाही बाई. ओळ नाहीच.”

रात्रभर त्यांनी तीच शोधली होती. मला समजावून सांगितलं, न सांगता त्यांना राहवलंच नसतं. मालिका एका जागी तोडली की मागे शेपूट उरते. ती शेपूट किती लहान आहे, यावर सगळा डोलारा. समीकरण जितकं लांब, तितकं त्या शेपटीचं माप बदलतं. आणि सरांनी चौदाव्या पानावर सगळ्या समीकरणांना एकच माप धरून टाकलं होतं. न बोलता, न लिहिता. मी भीत भीत म्हटलं, सर, एक सांगू का, ते पान प्रत्येक वेळी स्वच्छ यायचं, तुम्ही त्याच्यावर कधी खोडलंच नाही.

“मी त्या पानाले पाह्यलंच नाही,” ते म्हणाले. “उघडच आहे असं वाटे.” आणि पान माझ्याकडे सरकवत, “तुमाले दिसलं होतं.”

मला कुठे काय दिसलं होतं! मला चहाला वेळ मिळत होता. पण हे शब्द तेव्हापासून माझ्या छातीत आहेत. पाच खेपांत एकदा जरी मी बोलले असते, की सर, हे एवढंच पान कसं हो कोरं करकरीत, तर त्यांनी थांबून पाहिलं असतं. मी बोलले नाही. आपल्याला काय कळतं, असं म्हणून गप्प बसले.

पुढचे तीन महिने सर ती ओळ मिळवायला झटले. शाळेत सगळे त्यांना अजून अभिनंदन म्हणायचे. तो सत्कार परत घ्या, असं कसं म्हणणार? ते मान हलवायचे. गालफडं आत गेली, जेवण धड नाही, माझ्याकडे येऊन बसायचे ते नुसते काळं पेन उघडून. एप्रिलात एके दिवशी आले आणि म्हणाले, एक पत्र मारायचं आहे. चार वाक्यांचं होतं. चौदाव्या पानावरचा दोष दुरुस्त होत नाही. निबंध मी मागे घेत आहे. आपण पहिली चौदा पानं वाचलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आपला वेळ घेतला, क्षमस्व.

मी म्हटलं, सर, थोडं थांबा, असं लिहा की प्रयत्न चालू आहे. ते म्हणाले, नाही, तो माणूस वाट पाहत बसेल. मी मारलं. त्या पत्रात एकही जागा सोडावी लागली नाही, एकही खूण नव्हती, कोणताही साधा टायपिस्ट मारू शकला असता. सरांनी सही केली आणि स्वतः पोस्टात टाकून आले.

त्याचं उत्तर आलं नाही. येण्यासारखं त्यात काही नव्हतंच, विचारायचं होतं ते विचारून झालं होतं आणि सांगायचं ते सांगून झालं होतं. सर माझ्याकडे येत राहिले, पण टाइप करायला काही आणलं नाही. चारच्या बॅचला बाकावर बसायचे, पोरींचे कागद तपासायला मदत करायचे, चुका पेनाने गोल करायचे. काळ्या नाही, निळ्या.

पुढच्या वर्षी जूनमध्ये ते निवृत्त झाले. समारंभ झाला, पुन्हा शाल-नारळ. या वेळी त्यांना बोलायला कोणी सांगितलं नाही. दोन दिवसांनी खोली रिकामी करून ते गावी निघाले. एक पेटी, एक वळकटी, एक पितळी लोटा. मी बसस्टँडवर गेले. आणखी कोणी आलं नव्हतं. लाखांदूरची गाडी लागली होती, पेटी टपावर चढली, सरांना खिडकीजवळची जागा मिळाली. मी खाली उभी राहून शेताचं, भावाचं, तब्येतीचं काही तरी बोलत होते. ते हो हो म्हणत होते, पण लक्ष नव्हतं. ड्रायव्हर येऊन बसला. तेव्हा ते खिडकीतून खाली वाकले.

“बाई, एक विचारू?” ते म्हणाले. “मी माघार घेतली नसती... चुकीचंच का होईना, काही तरी लिहून भांडलो असतो... तर त्या प्राध्यापकाचं आणखी एक पत्र आलं असतं ना?”

मला एकदम रडू आलं. वर्षभर, रोज चार वाजता, माझ्यासमोर बाकावर बसून हा माणूस याचा विचार करत होता तर.

“आलं असतं, सर,” मी म्हटलं. “नक्की आलं असतं.”

“मले पण तसंच वाटते,” ते म्हणाले, आणि सरळ होऊन बसले. कंडक्टरने घंटी दिली. गाडी वळून गावाच्या जुन्या दरवाजाकडच्या रस्त्याला लागेपर्यंत मला त्यांच्या शर्टाचा पांढरा खांदा दिसत होता. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.